कुजबुजणाऱ्या ओळी

प्रिंटर आधी बायकोच्या टेबलावर होता. तिथून तो मी हलवला. बाकीचं सगळं त्यानंतरचं आहे.

चेन्नईत, मैलापुरात आम्ही एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. मी मूळचा सोलापूरचा, ती साताऱ्याची. माझी नोकरी सिरुसेरीला, एका सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी कंपनीची बस पकडायची आणि दिवे लागल्यावर परत यायचं. चेन्नईला बदली झाली तेव्हा मला काळजी होती ती हिची. भाषा येत नाही, ओळखीपाळखी नाहीत, हिचं इथं कसं होणार? झालं उलटंच. मी दिवसभर इंग्रजीत बोलून आणि सहकाऱ्यांच्या तमिळ विनोदांवर जरा उशिरा हसून थकून यायचो, आणि ही घरात बसून सबंध दिवस मराठीत राहिलेली असायची.

ती अक्षरजुळणी करायची. पुण्याहून निघणारा एक छोटा दिवाळी अंक होता. त्याचे संपादक तिच्या माहेरच्या ओळखीतले, वयानं बरेच मोठे. ती त्यांना काका म्हणायची. उन्हाळा सरला की कुरियरनं लेखकांची हस्तलिखितं यायला लागायची. बायको ती टाइप करायची, पानं लावायची, आणि आमच्या लेझर प्रिंटरवर ट्रेसिंगच्या कागदावर छापून पुण्याला पाठवायची. ट्रेसिंग म्हणजे तो दुधी, पलीकडचं अंधुक दिसणारा कागद. छापखान्यात त्यावरूनच थेट प्लेट करत. म्हणजे आमच्या घरातून जसं पान निघेल तसंच ते अंकात उतरायचं. म्हणून त्या प्रिंटरला तिच्या लेखी मान होता. जुन्या साडीचं कव्हर शिवलं होतं त्याला. त्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर ती काही बोलायची नाही, फक्त कप उचलून आपल्या हातात द्यायची.

तिच्या नजरेबद्दल सांगायला हवं. अक्षराचा आकार छपाईवाले पॉइंटात मोजतात. अर्ध्या पॉइंटाचा फरक तुम्हाआम्हाला पट्टी लावूनही कळायचा नाही. तिला तो हातभर अंतरावरून दिसायचा. लग्नपत्रिका आली की मजकूर वाचायच्या आधी ती म्हणायची, "बघा हो, नवरीचं नाव नवऱ्यापेक्षा अर्ध्या पॉइंटानं बारीक ठेवलंय. मुद्दाम." आम्ही हसायचो. मग मी पत्रिका घेऊन खिडकीशी जायचो, डोळे ताणून बघायचो आणि मला काही दिसायचं नाही.

खाली घरमालकीण राहायच्या. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या त्या लोकांचं मराठी आपल्या कानाला पणजीच्या तोंडचं वाटतं, आणि सूर मात्र अस्सल तमिळ. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामी म्हणायचो. मामींना मराठी बोलता यायचं, गाता तर फारच सुरेख यायचं, पण आपली लिपी वाचता यायची नाही. त्या तमिळच वाचायच्या. बायकोच्या टेबलाशी उभ्या राहून छापलेल्या पानावरून त्या बोट फिरवायच्या, अक्षरांना न शिवता, वरच्यावर.

"ही आमचीच अक्षरें. आणि मज एकही ओळखूं येत नाही, अय्यो," असं म्हणून खो खो हसायच्या.

त्यांच्या सासूकडून आलेली लग्नातली गाणी त्यांना पाठ होती. तेल लावायची, न्हाऊ घालायची, मुलगी सासरी धाडायची. सुना मराठी बोलायच्या अडखळत, नातवंडं तर फक्त तमिळ नि इंग्रजी. मामींच्या मनात होतं, त्या गाण्यांचं एक लहानसं पुस्तक करावं, ठसठशीत अक्षरांत. बायकोनं कबूल केलं होतं. "दिवाळी अंक एकदा हातावेगळा होऊ दे मामी, मग आपण दुपारच्या बसू. तुम्ही गा, मी उतरवून घेते."

त्या वर्षी मला लिनक्सचं वेड लागलं.

ऑफिसातल्या एकानं घरचा जुना कॉम्प्युटर काढून टाकला, तो मी उचलून आणला. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती, ती त्यात चढवली. आता या डब्याचं करायचं काय? तर प्रिंट सर्व्हर. घरात एकच प्रिंटर, तो बायकोच्या कॉम्प्युटरला बांधलेला. तो या डब्याला जोडायचा, घरात तार फिरवायची, म्हणजे कुठल्याही खोलीतून कुणीही छापावं. माझ्या लॅपटॉपवरून, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी, कशासाठीही.

"कुणीही म्हणजे कोण हो?" बायको म्हणाली. "घरात माणसं तीन. त्यातलं एक चौथीत."

"अगं, उद्या लागेल."

"उद्या लागेल तेव्हा माझ्या टेबलावर येऊन छापा की. चहा पण देईन."

मी ऐकलं नाही. एका शनिवारी ती मुलीला घेऊन बाजारात गेली असताना मी प्रिंटर उचलला आणि पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवला. शेजारी तो डबा. भिंतीच्या कडेनं, दारांच्या खालून, सतरंजीच्या आत तार नेली. डब्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. नुसता घरघरत बसलेला. मला त्याचंच कौतुक. मामी मुद्दाम जिना चढून बघायला आल्या.

"डोकें नाही, डोळे नाहीत. मग हा ऐकतो कसा?"

"तारेतून ऐकतो, मामी."

"सेरी, बरें," त्या म्हणाल्या आणि बायकोकडे वळून, "माझे यजमान असेच होते. पण तार नव्हती."

बायकोच्या टेबलावर जिथं प्रिंटर असायचा तिथं फिकट चौकोन उरला होता. तिनं साडीचं कव्हर घडी घालून खणात ठेवलं.

पहिलं पान छापलं तेव्हा खालचा पानाचा आकडाच आला नाही. कागदाचा तळ रिकामा, मजकूर मध्येच चिरल्यासारखा. हे तिनंच दाखवलं. मी लॅपटॉपवर सर्व्हरचं सेटिंगचं पान उघडून शोधलं. तिथं एक सोय होती, आलेलं पान कागदात बसवून छापायची. मी त्या सोयीपुढं खूण केली. पुन्हा छापलं. आकडा आला.

"झालं!" मी म्हणालो.

आणि खरंच मला वाटलं, झालं.

अंकाची मुख्य पानं तोवर पुण्याला गेलेली होती. ती जुन्या पद्धतीनं, तिच्या टेबलावरच छापलेली. आता राहिल्या होत्या दुरुस्त्या. त्याची रीत अशी. काका मुद्रितं, म्हणजे तपासायच्या छापील प्रती, वाचून लाल शाईनं चुका दाखवायचे. त्या चुकांपुरत्याच ओळी ही पुन्हा टाइप करायची आणि एका ट्रेसिंगवर एकाखाली एक छापून पाठवायची. पुण्यात छापखान्यातला माणूस ब्लेडनं एकेक ओळ कापून जुन्या ओळीवर बेमालूम चिकटवायचा. सगळं पान पुन्हा छापायला नको, कागद वाचतो, वेळ वाचतो. फक्त एक अट. नवी ओळ जुनीच्या मापाची हवी.

शेवटच्या दुरुस्त्या छापल्या त्या सकाळी मी बूट घालत होतो. दुरुस्त्या त्याच दिवशी कुरियरनं जायला हव्या होत्या, नाहीतर छापखान्याची पाळी चुकली असती. ती पॅसेजमध्ये आली. एका हातात नवा कागद, दुसऱ्यात आधीच्या मुद्रिताची एक प्रत.

"अहो, हे अक्षर बारीक आलंय."

"टोनर बदललाय ना. फिकं दिसतंय, म्हणून वाटतंय."

"फिकं वेगळं, बारीक वेगळं." तिनं दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात एकावर एक धरले. "बघा ना. पाच-सहा टक्क्यांनी तरी लहान आहे. मी आकार तोच दिलाय, शंभर वेळा बघितला."

मी एक बूट घातलेला तसाच खिडकीशी गेलो. बघितलं.

"मला तर सारखंच दिसतंय," मी म्हणालो.

"नीट बघा."

"अगं, सर्व्हरला अक्षराचं माप कळतच नाही. तू पाठवशील तसं तो पुढं ढकलतो. तुझ्या डोळ्यांवर ताण आलाय, रोज एवढं बसतेस." आणि मग हे वाक्य, "सगळंच काही डोळ्यांना दिसतं तसं नसतं."

ती कागदाकडे बघत राहिली. बस यायची वेळ झाली होती. मी गेलो. तिनं पाकीट बंद केलं आणि कुरियरवाल्याकडे नेऊन दिलं. माझ्या शब्दावर.

काकांचा फोन आला तेव्हा अंक छापून झालेला होता. नवरात्र चालू होतं. मी सुटीला घरी, ती फोनपाशी उभी. काका रागावणारे नव्हते, त्यांचं सौम्य बोलणं फोनमधून मलासुद्धा ऐकू येत होतं.

"ताई, पानं फार सुंदर लागली आहेत हो. पण दुरुस्त्यांच्या ओळी जरा... कसं सांगू. सगळं पान मोठ्यानं बोलतंय आणि तेवढ्याच ओळी मध्येच कुजबुजल्यासारख्या वाटतात. कवितेच्या पानावर फार दिसतं. कवीनं विचारलं मला, या दोन ओळी तुम्ही लाजून छापल्यात का म्हणून."

ती "हो काका, हो काका" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या सर्व्हरमुळं तर नाही ना?"

"बघतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती खाली मामींकडे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीला गेली. तिथं बायका गाणी म्हणत होत्या, मामींचा आवाज वर येत होता. मी तिच्या टेबलाच्या खणातून तिची पट्टी काढली. शंभर मिलिमीटरची एक रेघ आखली, सर्व्हरकडे पाठवली, छापलेली रेघ मोजली. शंभर नव्हती. चौऱ्याण्णव.

मग मी सर्व्हरचं पान उघडलं. कारण समोरच होतं. डब्यात कागदाचं माप अमेरिकन होतं, मी ते कधी बदललंच नव्हतं. तिकडचा कागद आपल्यापेक्षा थोडा रुंद आणि चांगलाच बुटका असतो. आमच्या ट्रेमध्ये आपला नेहमीचा लांब कागद, आणि डबा समजत होता बुटका आहे. म्हणून आधी पानाचा तळ कापला गेला. आणि मी तळ का कापला जातोय ते न शोधता त्याला सांगितलं, बसव. त्यानं बसवलं. सबंध पान आवळून, प्रत्येक अक्षर आवळून, माझ्या हुकमाप्रमाणं.

एक माप बदलायचं, एक खूण काढायची. चहा गार होईल एवढाही वेळ लागला नाही. पुन्हा रेघ छापली. शंभर भरली. छापलेल्या दोन्ही रेघा मी फाडून कचऱ्यात टाकल्या, खाली, केळ्यांच्या सालींच्या खाली. पट्टी खणात जशी होती तशी ठेवली.

ती पळसाच्या द्रोणात प्रसादाचं सुंडल, खोबरं घातलेले हरभरे, घेऊन वर आली, केसांत गजरा.

"बघितलंत?"

"बघितलं. व्यवस्थित छापतोय."

तिनं द्रोण ठेवला, कॉम्प्युटर लावला, त्याच दुरुस्त्यांचा कागद पुन्हा छापला. मुद्रितावर ठेवून उजेडात धरला. तंतोतंत जुळला. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता, तो दिसला नाही. तिनं तो कागद मुद्रितासकट टेबलावर ठेवला.

"म्हणजे त्या वेळी मीच फाइलमध्ये काहीतरी घोळ घातला असणार. आणि शंभर वेळा बघूनही मला तो दिसला नाही."

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. त्या एका शब्दासाठी मी हे सगळं लिहायला बसलो आहे.

का म्हणालो? इतक्या वर्षांत याची पुष्कळ उत्तरं मी स्वतःला दिली. ऑफिसात मी त्या सर्व्हरच्या बढाया मारल्या होत्या. ज्याला कागदाचं माप तपासायचं सुचलं नाही त्याला कुणी शहाणा म्हणत नाही, ही लाज होती. अंक छापून झाला होता, आता सांगून काय फरक पडणार, हेही होतं. सगळी खरी आहेत, पण त्यांच्या खाली आणखी एक आहे. घरातला फोन वाजला की तो तिच्यासाठी असायचा. काका तिला विचारायचे, ताई, हा मथळा बसेल का, ही कविता डाव्या पानावर घेऊ का. मला दिवसभरात असं कुणी काही विचारायचं नाही. सिरुसेरीच्या त्या काचेच्या इमारतीत माझ्यासारखे शेकड्यांनी होते. प्रिंटर तिच्या टेबलावरून उचलताना मला नेमकं काय उचलायचं होतं, ते तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. थोडं कळलं होतं.

दिवाळीनंतर मामी वर आल्या. मी नुकताच घरी येऊन जिन्यात बूट काढत होतो, म्हणून ऐकू आलं.

"केव्हां बसूं गं आपण? मी दोन गाणीं जास्तीचीं आठवून ठेवलींत. न्हाणाचीं."

"मामी, मला नाही जमायचं ते. पुस्तकाचं काम सोडलं मी."

"कां गं? काय झालें?"

"नजर गेली माझी."

"एवढ्या वयांत? डॉक्टरास दाखव की."

"तशी नाही गेली, मामी."

मामींना ते कळलं नाही. "सेरी, नंतर बघूं," म्हणत त्या खाली उतरल्या. जिन्यात मला बघून म्हणाल्या, "तुझे बायकोस डोळ्याचे औषध आणून दे." मी मान हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात काकांनी पुन्हा फोन केला. हे मला नीट सांगायला हवं, कारण काम त्यांनी काढून घेतलं नाही. "ताई, मागचं विसरा हो, यंदा अंक तुम्हीच करायचा," असं ते म्हणत होते. मी समोर पेपर वाचत बसलो होतो. ती म्हणाली, "काका, माझा माझ्या नजरेवर भरवसा राहिला नाही. रोज पट्टी लावून किती मोजायचं? तुमचं नुकसान होईल." ते पलीकडून समजावत होते, ती नाही म्हणत होती. मी पेपरचं पान उलटलं. त्याच वेळी एक वाक्य बोललो असतो तर. पण मी पान उलटलं, आणि आतली बातमी वाचायला लागलो, आणि ती बातमी कशाबद्दल होती ते मला आजही सांगता येईल.

मग ती एका शाळेत हिंदी शिकवायला लागली. चांगली शिकवते, मुलांची लाडकी आहे. लग्नपत्रिका आली तर मजकूर वाचून फ्रिजवर ठेवते. कुणाचं नाव कुणापेक्षा बारीक आहे, हे तिनं पुन्हा कधी सांगितलं नाही. तिचं टेबल मुलीला अभ्यासाला गेलं.

प्रिंट सर्व्हर मात्र कधी बिघडला नाही. वर्षानुवर्षं घरघरत राहिला. आल्यागेल्याला बायको अभिमानानं दाखवायची, "यांनी स्वतः बसवलाय हो. एकदासुद्धा चुकला नाही." मी तिथून उठून पाणी प्यायला जायचो.

पुढं सिरुसेरीच्या रस्त्यावर फ्लॅट घेतला, मैलापूर सुटलं. तो डबा भंगारात दिला. मुलगी शिकून बंगळूरला गेली. मीही पन्नाशी ओलांडली.

गेल्या वर्षी मामी वारल्या. तेराव्याला आम्ही दोघं गेलो. त्यांची नात लग्नाची आहे, वर्ष झालं की करायचं ठरलंय. बोलता बोलता गाण्यांचा विषय निघाला. धाकट्या सुनेनं न्हाणाचं गाणं म्हणायला घेतलं. दोन ओळी आल्या, तिसरीपाशी अडकली. मोठीनं तमिळमध्ये काहीतरी सुचवलं, तेही जुळेना. मग दोघी माझ्या बायकोकडे वळल्या.

"अक्का, तुम्ही लिहून घेणार होतां ना आमच्या सासूबाईंकडून?"

"माझ्याकडून राहून गेलं," बायको म्हणाली. "माझी चूक."

परत येताना ऑटोत मी तिला सांगितलं. निदान सुरुवात केली. देवळाच्या तळ्याच्या कडेनं गर्दीतून ऑटो चालला होता, शेजारी बसचा हॉर्न. मी म्हणालो, "तुझी चूक नव्हती. तेव्हाही नव्हती. त्या ओळी माझ्यामुळं बारीक आल्या होत्या."

"काय?"

"ओळी! माझ्यामुळं!"

"ऐकू येत नाही हो. घरी गेल्यावर सांगा."

म्हणजे मला तो सबंध रस्ता पुन्हा हिंमत धरून बसावं लागलं. मधे सिग्नलला ऑटो थांबला, शांतता झाली, पण तेव्हा ती डोळे मिटून मागं टेकली होती.

घरी आल्यावर आंघोळी झाल्या. तिनं चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं. कागदाचं माप, ती खूण, पट्टी, फाडलेल्या रेघा, केळ्यांच्या साली. ती चहाकडे बघत ऐकत होती. उतू जायच्या आत गॅस बंद केला.

"किती टक्के?" तिनं विचारलं.

"सहा."

"मी तेव्हा काय म्हणाले होते?"

"पाच-सहा."

तिनं मान हलवली, वर्गातल्या एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आल्यावर हलवावी तशी. चहा गाळला. दोन कप टेबलावर आणून ठेवले. मग आतल्या खोलीत जाऊन स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात तो दिवाळी अंक होता. इतकी वर्षं तो कुठं होता, मला माहीत नव्हतं. कपाटाच्या वर, साडीच्या त्या जुन्या कव्हरमध्ये गुंडाळून ठेवलेला.

कवितेचं पान तिनं बरोबर उघडलं. चष्मा कपाळावर चढवला, पान जवळ धरलं. मग चष्मा लावून लांब धरलं. बाल्कनीच्या दारात उजेडाला नेलं. तिरकं करून बघितलं. पुन्हा टेबलापाशी येऊन बसली.

"आता नाही दिसत हो," ती म्हणाली. "मला सगळं सारखंच दिसतंय."

चहावर साय धरली होती.

"तुम्ही दाखवा."

"काय?"

"कुठल्या ओळी ते. माझ्या मनात होत्या त्याच का, ते बघू दे."

मी अंक माझ्याकडे वळवला. बोट ठेवलं. "ही."

"आणि?"

"ही. खालून दुसरी."

ती पानाकडे बघत नव्हती, माझ्या बोटाकडे बघत होती. मी चष्मा लावलेला नव्हता, तो शर्टाच्या खिशात होता; त्या ओळींच्या जागा मला अंक आला तेव्हापासून पाठ होत्या.

"लगेच सापडल्या तुम्हाला," ती म्हणाली.

मी बोट काढून घेतलं.

"त्या सकाळी मी खिडकीशी धरलं होतं. दोन्ही कागद. तुम्ही एक बूट घालून आला होतात."

"हो."

"तेव्हा दिसलं होतं?"

मला वाटलं होतं, हे कुणी कधी विचारणार नाही. कचऱ्यातल्या रेघांचं सांगितलं की संपेल, असं मी धरून चाललो होतो.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

तिनं कप उचलला, साय बाजूला केली, एक घोट घेतला. खालच्या रस्त्यावर कंपनीच्या बसेस एकामागून एक परतत होत्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी.

"पान उलटा," ती म्हणाली. "सगळ्या दाखवा."

मी पान उलटलं. तिथं तीन होत्या.